जुन्या पद्मिनीच्या भागांवरील गंज काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे कोणत्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत?

मुख्यतः कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेलेली तिचीच पुढची आवृत्ती. मुंबईत टॅक्सी म्हणून पद्मिनीची सद्दी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण खासगी मालकीच्या कितीतरी गाड्या आजही अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभ्या आहेत आणि त्यांना पुन्हा रस्त्यावर आणण्याची इच्छा असणारे लोकही पुष्कळ आहेत. जुन्या जीपचा उल्लेख गरजेपुरता केला आहे. गंजाचे शास्त्र सर्व गाड्यांना सारखेच लागू पडते.

पद्मिनीच्या बाबतीत एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. जीपला खाली स्वतंत्र चेसिस असते, पद्मिनीला ती नाही. गाडीचा सगळा भार तिचा पत्र्याचा सांगाडाच पेलतो. त्यामुळे जीपच्या बॉडीला भोक पडले तर ती गाडी कुरूप दिसते, मात्र पद्मिनीच्या तळाला किंवा दाराखालच्या पोकळ पट्टीला भोक पडले तर तिची ताकद कमी झालेली असते.

गंज किती खोल आहे हे कसे ओळखावे?

रंगावरून ओळखू नये. तांबूस भुकटी पसरलेला पत्रा अनेकदा आतून ठणठणीत असतो, आणि वरून गुळगुळीत, नुकताच रंगवलेला दिसणारा पत्रा लांबीच्या, म्हणजे खाचा बुजवायच्या पुट्टीच्या, जाड थराखाली कुजलेला असतो. तीन साध्या गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे लहान लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे; जिथे ते पकड सोडते तिथे खाली लांबी भरलेली आहे असे समजावे. दुसरी म्हणजे पेचकसाच्या मुठीने पत्रा ठोकावा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो. तिसरी, संशयित जागी जुन्या पेचकसाचे टोक जोर देऊन टोचावे. टोक आत घुसले तर त्या जागी गंज काढण्याचा प्रश्नच उरत नाही. तो पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

तपासणीची सुरुवात पायाखालच्या रबरी चटया उचलून करावी, कारण काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी त्यांच्याखाली साठून राहते. त्यानंतर दारांच्या खालच्या कडा, बॅटरीची बैठक, डिकीत स्टेपनी ठेवण्याची जागा, मडगार्डची मागची खालची बाजू आणि जॅक लावण्याच्या जागा पाहाव्यात. दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी मुळात भोके ठेवलेली असतात. ती मातीने किंवा मागच्या रंगाऱ्याच्या उत्साहाने बुजलेली आढळतात आणि बहुतेक दारे त्यामुळेच सडतात.

सर्व भागांसाठी एकच उत्तम पद्धत कोणती?

अशी पद्धत नाही, आणि आहे असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. पद्धत निवडताना गंज किती आहे हा प्रश्न दुसरा असतो. भाग कोणत्या धातूचा आहे आणि गाडीत त्याच्यावर कोणते काम सोपवलेले आहे हा पहिला. कंस, बिजागऱ्या, पुली, दाराची यंत्रणा असे जाड लोखंडी भाग इलेक्ट्रोलिसिसमध्ये (धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून वीज सोडून गंज काढण्याच्या पद्धतीत) किंवा सौम्य आम्लात निर्धास्तपणे घालता येतात. बॉनेट, दारे, मडगार्ड अशा पातळ पत्र्याच्या भागांना हाताने घासणे आणि जपून ब्लास्टिंग करणे, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कण मारणे, योग्य ठरते. स्प्रिंगा, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि जास्त ताण सोसणारे बोल्ट यांना आम्लापासून पूर्ण दूर ठेवावे, कारण आम्लाच्या क्रियेत निर्माण होणारा हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो आणि असा बोल्ट कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो. त्याच कारणासाठी हे भाग इलेक्ट्रोलिसिसमध्येही घालू नयेत. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि रॉकेल एवढ्यावर त्यांचे काम भागते.

पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, पण हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि कार्बोरेटरही लोखंडाचा नाही. धुण्याच्या सोड्याचे पाणी ॲल्युमिनियम आणि जस्त दोन्हींना खाते. लोखंडी कंसात ॲल्युमिनियमचे बुश (भोकात बसवलेली आखूड नळी) बसवलेले असेल तर तो कंस टाकीत सोडण्यापूर्वी बुश काढलेच पाहिजे.

इलेक्ट्रोलिसिस घरी करता येते का? नेमके कसे करावे?

करता येते, आणि नक्षीदार किंवा खाचाखोचांच्या भागांसाठी घरी करण्याजोगा याहून चांगला उपाय क्वचितच सापडेल, कारण यात गंज जातो पण शाबूत धातूला धक्का लागत नाही.

प्लास्टिकची बादली किंवा पिंप घ्यावे. धातूचे भांडे चालत नाही. दर लिटर पाण्याला साधारण एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा घालून पूर्ण विरघळवावा. मीठ चुकूनही घालू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. भागावरचे ग्रीस आणि सुटे पोपडे आधी काढून टाकावेत. मग बादलीच्या कडेने साध्या लोखंडाच्या सळ्या किंवा पट्ट्या उभ्या कराव्यात, त्या सर्व तारेने एकमेकींना जोडाव्यात आणि मधोमध आपला भाग असा टांगावा की तो त्यांना कुठेही टेकणार नाही. बॅटरी चार्जरचा लाल, म्हणजे धन चिमटा सळ्यांना आणि काळा, म्हणजे ऋण चिमटा आपल्या भागाला लावावा. ही जोडणी उलटी झाली तर सळ्यांऐवजी आपलाच भाग झिजू लागतो, म्हणून वीज सुरू करण्यापूर्वी ती दोनदा तपासावी. ऋण चिमटा जिथे लावायचा ती जागा घासून लखलखीत करावी. गंजावर लावलेल्या चिमट्यातून प्रवाह जात नाही आणि मग सोड्याला दोष दिला जातो.

काही मिनिटांतच भागाभोवती बारीक बुडबुड्यांची चादर दिसू लागते आणि पाण्यावर मळकट तपकिरी फेस जमतो. भागाची जी बाजू सळ्यांच्या समोर असते तिथे काम जलद होते आणि आडोशाची बाजू मागे राहते, त्यामुळे अधूनमधून भाग फिरवावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी चार्जर प्रत्येक वेळी बंद करावा. साधारण एका रात्रीनंतर लाल गंजाच्या जागी काळा, मऊ थर उरतो आणि तो वाहत्या पाण्याखाली कडक ब्रशने सहज निघतो. खोल खळगे असतील तर आणखी एक दिवस लागू शकतो.

दोन धोके मात्र गंभीर आहेत. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा हे काम उघड्यावर करावे, जवळ बिडी-सिगारेट किंवा ठिणगी नसावी आणि पाण्याच्या वर असलेले चिमटे वीज सुरू असताना काढू नयेत. दुसरा धोका स्टेनलेस स्टीलचा. ते झिजत नाही म्हणून त्याचा जुना डबा किंवा चमचे सळ्यांच्या जागी वापरण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु त्यातून क्रोमियमचे विषारी, कर्करोगकारक संयुग पाण्यात उतरते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पट्ट्याही टाळाव्यात. भंगारातली साधी सळई पुरेशी आहे.

चार्जर लावला, पण काहीच होत नाही. कारण काय असावे?

हल्लीचे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी असल्याची जाणीव झाल्याशिवाय प्रवाह सोडतच नाहीत. जुन्या पद्धतीचा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला जड चार्जर मिळवावा. एखाद्या बॅटरीवाल्याकडे तो हमखास सापडतो.

लिंबूसत्त्व, व्हिनेगर आणि कोल्ड्रिंक यांपैकी काय वापरावे?

लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. ते किराणा दुकानात सुटे मिळते, वासाचे नाही आणि परिणामाचा अंदाज देते. एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम घालून भाग पूर्ण बुडवावा. अर्धवट बुडवल्यास पाण्याच्या रेषेवर चर पडतो. दर दोन-तीन तासांनी भाग बाहेर काढून पाहावा आणि गंज सुटताच थांबावे, कारण गंज संपल्यावर आम्ल लोखंडाकडे वळते. रात्रभर विसरलेला पातळ भाग सकाळी करडा आणि खरखरीत झालेला असतो.

व्हिनेगरनेही काम होते, पण हळू, आणि मोठ्या भागांसाठी ते महाग पडते. कोल्ड्रिंकमधील फॉस्फोरिक ॲसिड इतके थोडे असते की त्यात नटबोल्ट टाकणे हा खेळ म्हणून ठीक आहे.

आम्लातून काढलेला भाग खाण्याच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून घ्यावा आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवावा. हा टप्पा गाळणाऱ्यांचा गंज महिनाभरात परत येतो.

संडास साफ करण्याचे ॲसिड काही मिनिटांत गंज काढते. मग ते का वापरू नये?

कारण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असते आणि त्यातील क्लोराइड खळग्यांत व पत्र्यांच्या जोडांत शिरून बसते. कोकणातल्या गाड्या देशावरच्या गाड्यांपेक्षा लवकर सडतात त्याचे कारण खाऱ्या हवेतले क्लोराइडच असते. तेच आपल्या हाताने पत्र्यात भरण्यात काही शहाणपण नाही. या ॲसिडच्या वाफासुद्धा त्रास देतात. बाटलीचे झाकण सैल राहिले तर त्याच खोलीतले पाने, ड्रिल आणि लेथवरून नुकतेच आणलेले भाग काही दिवसांत तांबूस होतात.

मळीच्या पाण्यात भाग बुडवून ठेवण्याची पद्धत खरी आहे का?

खरी आहे. एका भागाला सात ते दहा भाग पाणी या प्रमाणात मळी मिसळून भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवल्यास त्यातील घटक गंजाला धरून पाण्यात ओढून घेतात आणि लोखंड जवळजवळ अबाधित राहते. परदेशात ही पद्धत हौशी लोकांत रुळलेली आहे. आपल्याकडे साखर कारखाने पुष्कळ असले तरी मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण आहे आणि ती उसाच्या रसासारखी कॅन घेऊन जाऊन आणता येत नाही. शिवाय आंबल्यावर जो वास सुटतो तो चाळीत किंवा फ्लॅटच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांना मान्य होणे कठीण. ॲल्युमिनियमचे भाग हिच्यातही घालू नयेत.

सँडब्लास्टिंग करून घ्यावे का?

चाकांच्या रिमा, कंस, मागच्या ॲक्सलचे घर अशा जाड भागांसाठी जरूर करून घ्यावे. पावडर कोटिंग करणाऱ्या बहुतेक कारखान्यांत ही सोय असते आणि भाग नेऊन दिल्यास काम लवकर होते. बॉडीच्या पत्र्याची गोष्ट निराळी आहे. तो जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्यावर जाड कण जोरात आणि एकाच जागी मारले की पत्रा ताणला जाऊन फुगतो, आणि फुगलेले बॉनेट पुन्हा सपाट करणे निष्णात डेंटरलाही अवघड जाते. कारागिराला हवेचा दाब कमी ठेवण्यास, कण बारीक घेण्यास आणि नळी तिरपी धरून सतत फिरती ठेवण्यास आधीच सांगावे. सांगितल्यावर तो हसला तर बॉनेट परत घेऊन यावे.

साधी वाळू वापरणाऱ्या ठिकाणी जाऊ नये. तिच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो आणि तो आपल्याला नव्हे तर तिथे रोज काम करणाऱ्या मुलाला होतो. गार्नेटचे किंवा काचेचे कण वापरणारे कारखाने मिळतात. इंजिनाचे आतले भाग, गिअरबॉक्स आणि बेअरिंग बसणाऱ्या जागा ब्लास्टिंगला कधीही देऊ नयेत. तेलाच्या मार्गात अडकलेला एखादा कणसुद्धा नव्या बेअरिंगचा निकाल लावतो.

गंजावर थेट लावायचे कन्व्हर्टर कितपत भरवशाचे असतात?

मर्यादित कामासाठी भरवशाचे. यांतील बऱ्याच द्रावणांत टॅनिक ॲसिड असते आणि ते गंजाशी संयोग पावून निळसर काळा, स्थिर थर तयार करते. सह्याद्रीतल्या हिरड्यात असलेले टॅनिन लोखंडाच्या क्षाराशी मिसळून पूर्वी काळी शाई आणि काळा रंग करत, ती रासायनिक क्रिया याच जातीची. मात्र हे द्रावण फक्त पातळ आणि घट्ट चिकटलेल्या गंजावरच काम करते. पापुद्रे सुटलेल्या जागी ते वरचा पापुद्रा काळा करते आणि खाली गंज तसाच चालू राहतो. जिथे ब्रश किंवा ब्लास्टिंगची नळी पोहोचतच नाही अशा पोकळ्यांत ते वापरावे. जिथे हात पोहोचतो तिथे गंज काढावा.

नटबोल्ट इतके जाम आहेत की भाग सुटतच नाहीत. काय करावे?

आधी आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, मग झिरपणारे तेल सोडून एक रात्र जाऊ द्यावी. सुरुवातीला पाना किंचित घट्ट करण्याच्या दिशेने ओढावा. गंजाची पकड त्या लहानशा हालचालीने मोडते. त्यानंतर अर्धा फेरा सैल, पाव फेरा घट्ट असे करत बाहेर यावे. सहा बाजूंचा बॉक्स पानाच वापरावा, कारण उघड्या तोंडाच्या पान्याने कोपरे गोल होतात. तरीही हलत नसेल तर नट तापवावा आणि गरम असतानाच आट्यांच्या कडेला मेणबत्ती टेकवावी, म्हणजे वितळलेले मेण आत ओढले जाते. पेट्रोलची नळी, ब्रेकचा पाइप किंवा रबरी बुश जवळ असेल तर मात्र आग वापरू नये, नट कापून काढावा. नवा नट फार महाग नसतो.

जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. नट जाम आहे असे समजून त्यावर पाइप लावून उभे राहण्यापूर्वी हे आठवावे.

पेट्रोलची टाकी आतून गंजली आहे. ती वाचते का?

आरपार भोके नसतील तर बहुधा वाचते. टाकी गाडीतून काढावी, रिकामी करावी आणि साबणाच्या गरम पाण्याने अनेक वेळा धुवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण आत उरलेली वाफ ठिणगी मिळताच स्फोट करते. तिला घरी वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावण्याचा विचारही करू नये. नंतर आत मूठभर नट टाकून टाकी सर्व बाजूंनी हलवावी, नट मोजून बाहेर काढावेत आणि लिंबूसत्त्वाचे पाणी काठोकाठ भरून ठेवावे. धुऊन झाल्यावर गरम हवेने लगेच वाळवावी व थोडे तेल आत फिरवून घ्यावे. आतून लावायचे अस्तर मला पटत नाही, कारण गंज नीट न काढता लावलेले अस्तर काही काळाने सुटते आणि त्याचे तुकडे थेट कार्बोरेटरपर्यंत पोहोचतात.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. फारशी न फिरणारी गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन् महिने उभी ठेवू नये, आणि टाकी काढलेलीच आहे तर जुन्या रबरी नळ्याही त्याच वेळी बदलाव्यात.

ब्रेक आणि स्टिअरिंगचे गंजलेले भाग साफ करून वापरता येतील का?

ड्रम आणि पाठीमागची प्लेट, होय. ब्रेकचे लोखंडी पाइप, नाही. ते नवेच घालावेत. व्हील सिलिंडरच्या आत नखाला लागेल असा खळगा असेल तर तो सिलिंडर बदलावा किंवा लेथवर त्याला स्लीव्ह बसवून घ्यावी. स्टिअरिंगच्या सांध्यांत गंजाचे खळगे दिसल्यास तो सांधा टाकून द्यावा. भाग मिळत नाही, ही सबब या दोन बाबतींत चालणार नाही.

जुन्या ब्रेक शूच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

बंपरच्या क्रोमवर तांबूस ठिपके आले आहेत.

ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. क्रोम फुगून सुटला असेल तर नव्याने मुलामा देण्याखेरीज इलाज नाही, आणि ती रक्कम ऐकून बरेच जण ठिपक्यांसह जगायला शिकतात.

साफ केलेला भाग दुसऱ्याच दिवशी पुन्हा तांबूस का होतो?

उघडे, ओले लोखंड दमट हवेत गंज धरायला दिवस घेत नाही. पावसाळ्यात धुऊन ठेवलेल्या भागावर काही मिनिटांतच पिवळसर झाक दिसते. म्हणून गंज काढणे आणि प्रायमर मारणे ही एकाच दिवसाची, सलग कामे समजावीत. आज जेवढ्या भागांना प्रायमर लावता येईल तेवढेच भाग आज टाकीतून काढावेत. धुतल्यावर भाग गरम हवेने कोरडा करावा, थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसावा, त्यानंतर उघड्या हाताने धरू नये.

प्रायमरबाबत माझे मत ठाम आहे: दोन भाग मिसळून लावायचे इपॉक्सी प्रायमर वापरावे. खिडकीच्या गजांना लावतात ते रेड ऑक्साइड सच्छिद्र असते आणि त्यावर वरचा रंग चढेपर्यंत ते ओलावा आत घेत राहते. कित्येक गाड्या डेंटिंगच्या शेडमध्ये रेड ऑक्साइड लावून पूर्ण पावसाळा उभ्या राहतात आणि रंगाखाली पुन्हा गंजतात. लांबी पाणी शोषते, म्हणून ती उघड्या पत्र्यावर न भरता इपॉक्सीवर भरावी. फॉस्फोरिक ॲसिडचे द्रावण किंवा कन्व्हर्टर वापरले असेल तर त्यावर इपॉक्सी धरेल की नाही हे डब्यावरील सूचनांत आधी पाहावे, कारण आम्लाचा अंश राहिलेल्या पत्र्यावरून ते सुटून येऊ शकते.

लगेच रंगवायचे नसलेले भाग तेल लावून कागदात गुंडाळावेत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला भाग आतल्या आत घामेजतो.

गाडीच्या तळाला जळके ऑइल मारावे का?

ही रीत जुनी आहे आणि गंज काही प्रमाणात रोखते, हे नाकारता येत नाही. परंतु ते ऑइल रबरी बुश फुगवते, सायलेन्सरवर पडून धूर करते आणि पहिल्याच पावसात अंगणातल्या मातीत, तिथून विहिरीत उतरते. पोकळ भागांत फवारायचे मेण त्यापेक्षा कितीतरी चांगले. डांबरासारखा काळा थर मारायचा असेल तर तो फक्त स्वच्छ, प्रायमर लावलेल्या पत्र्यावर मारावा. गंजावर मारलेला थर ओलावा आत कोंडतो आणि पत्रा संपेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही.

उरलेले पाणी आणि धूळ यांचे काय करावे?

इलेक्ट्रोलिसिसचे पाणी गाळून पुन्हा वापरता येते. गंजाचा गाळ तळाशी बसतो. लिंबूसत्त्वाच्या वापरलेल्या पाण्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत सोडा घालावा आणि मगच ते टाकावे, मात्र त्यात ग्रीस किंवा रंग उतरला असेल तर ते गटारात ओतू नये. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरून तो कोरडा घासण्याऐवजी वॉटर पेपरने ओला घासावा, चांगला मास्क लावावा आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. लहान मुले खेळतात त्या जागी हे काम करू नये.